मूतखड्यावरील उपचार : लिथोट्रिप्सी आणि शस्त्रक्रिया

लघवीतील क्षार साचून मूत्रपिंडात तयार होणाऱ्या खड्याला मूतखडा म्हणतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये चादरी-टॉवेल विणणारा यंत्रमाग कामगार माग बंद पडू नये म्हणून पाणी कमी पितो व लघवी अडवून धरतो, तेव्हा घामाने आधीच दाट झालेल्या लघवीत खडा धरण्याची शक्यता वाढते.

५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा भरपूर पाणी आणि वेदनाशामक औषधांवर आपोआप पडतात. कुळथाच्या काढ्यासोबत पोटात पाणी जाते हे खरे, परंतु मूत्रवाहिनीत (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत) अडकून बसलेला मोठा खडा त्याने निघेल या भरवशावर महिने घालवणे मूत्रपिंडाला महागात पडते.

लिथोट्रिप्सी ही बिनटाक्याची पद्धत होय. क्रिश्चियन शॉसी आणि सहकाऱ्यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ती प्रथम रुग्णावर वापरली. शरीराबाहेरून सोडलेल्या आघात-लहरी खड्यावर केंद्रित करून त्याचा चुरा केला जातो आणि तो पुढील काही दिवसांत किंवा आठवड्यांत लघवीवाटे पडतो. या काळात रुग्णाने गाळणीतून लघवी गाळून सापडलेले तुकडे तपासणीसाठी जपून ठेवावेत, कारण खडा कशाचा आहे हे त्यावरूनच नक्की कळते. ‘चिरफाड नाही’ एवढ्यावरून ही पद्धत निवडणे मात्र चुकीचे आहे. खडा फार कठीण असेल किंवा मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात असेल, तर चुरा नीट होत नाही अथवा झालेला चुरा खाली उतरत नाही. मग पुन्हा बैठक, पुन्हा खर्च आणि रोजंदारीवरच्या माणसाचा पुन्हा बुडालेला दिवस. गरोदरपणात, रक्त गोठण्याचा दोष असताना किंवा लघवीत जंतुसंसर्ग असताना ही पद्धत वापरत नाहीत.

मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून लेझरने खडा फोडतात. लवचीक दुर्बीण मूत्रपिंडापर्यंत पोहोचते. यात टाका पडत नसला तरी भूल द्यावी लागते, त्यामुळे ही शस्त्रक्रियाच आहे. २० मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी पाठीतून सुमारे १ सेंटिमीटरचे छिद्र पाडून खडा फोडून काढणारी पीसीएनएल ही पद्धत सहसा निवडली जाते. १९७६ मध्ये स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी तिची माहिती प्रसिद्ध केली. तीत रक्तस्रावाचा धोका अधिक असतो आणि रुग्णालयात काही दिवस राहावे लागते, परंतु मोठा खडा बहुधा एकाच वेळी निघतो. पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आता क्वचितच लागते.

अडकलेल्या खड्यासोबत थंडी वाजून ताप आला, तर या निवडीला वेळ नसतो; आधी स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक लवचीक नळी) किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी टाकून तुंबलेली लघवी मोकळी करतात आणि खड्याकडे नंतर पाहतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरही अनेकदा डीजे (दोन्ही टोकांना वळलेला) स्टेंट ठेवला जातो. दुखणे थांबले की रुग्ण गावी परततो आणि आत स्टेंट आहे हे विसरतो. महिनोन्‌महिने राहिलेल्या स्टेंटवर क्षार चढतात आणि तो काढायलाच वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून स्टेंट काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्यावी आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावी.