फारकतनामा झाला म्हणजे घटस्फोट झाला नाही

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहिलेला, पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का असलेला फारकतनामा घेऊन लोक येतात आणि विचारतात, "आता दुसरं लग्न करायला हरकत नाही ना?" हरकत आहे. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. फारकतनाम्याच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. नोटरी फक्त सही खरी असल्याचं सांगतो, एवढं लक्षात ठेवा.

मग कोर्टाबाहेर काय मिटतं? पोटगी, मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, स्त्रीधन परत करणं, पुन्हा एकत्र नांदणं. यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज द्या आणि त्यावर 'दाखलपूर्व प्रकरण' (म्हणजे कोर्टात दावा दाखल होण्याआधीचं) असं स्पष्ट लिहा. समोरच्याला नोटीस जाते. तो आलाच नाही, तर त्याला तडजोड करायला कोणी भाग पाडू शकत नाही. तडजोड झाली, तर ती लोकअदालतीसमोर ठेवून निवाडा करून घ्या. त्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचून घ्या, घाई करणाऱ्याला थांबवा. घटस्फोट मात्र लोकअदालतीत मिळत नाही.

मोफत वकील हवा असेल तर महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. स्त्रियांना ही मर्यादा लागूच नाही, हे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्येच आहे. तरीही कुठे कुठे खिडकीवरून बाईला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला पिटाळतात. एका दाखल्यापायी तिचे दोन दिवसांचे रोज बुडतात, याचा फार राग येतो. कलमाचा नंबर सांगा. तरीही ऐकलं नाही तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा.

अर्जाला जोडायचे आधार, मुलांचे जन्मदाखले, फोटो हे सगळं नेहमीचंच. अडतं ते विवाह नोंदणी प्रमाणपत्रापाशी. नोंदणीला दोघांच्या सह्या लागतात, आणि भांडण झाल्यावर नवरा ग्रामपंचायतीत कशाला येईल? नोंदणी नाही म्हणून लग्न बेकायदेशीर होत नाही. लग्नपत्रिका, लग्नातले फोटो, दोघांची नावं असलेलं रेशन कार्ड आणि शपथपत्र जोडा.

परस्पर संमतीने घटस्फोटाच्या अर्जात लोक तारखा चुकवतात. लग्नाला वर्ष झालं एवढं पुरत नाही, वेगळं राहायला लागून वर्ष व्हावं लागतं. अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनी दोघांनी मिळून पुन्हा विनंती करायची असते, आणि त्यासाठी 18 महिन्यांची मुदत आहे. पहिल्या तारखेनंतर "झालं आता" म्हणून गावी निघून गेलेल्यांचा अर्ज तसाच लटकतो. सहा महिन्यांची वाट माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

तडजोडीत "मुलांचा खर्च मागणार नाही" असं वाक्य कोणी घातलं, तर ते खोडायला सांगा. पोटगीचा हक्क मुलाचा आहे, तो आईला सोडून देता येत नाही.