घंटा झाली, ब्रश खाली : एम.एफ.ए.च्या दोन वर्षांच्या कामामागची गोष्ट

पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना विचारतात, "मारुतीला कुठवर आलंय?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हीच गावाची मोजपट्टी. क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या काठच्या, दुकानदाराला माल कधी हलवायचा ते मारुतीच सांगतो.

ओळखीतली एक मुलगी याच मोजपट्टीवर एम.एफ.ए.चं, म्हणजे ललित कलेतल्या पदव्युत्तर पदवीचं, काम करतेय. पाणी ओसरलं की ती घाटावर जाते, पायरीवरचा गाळ सुरीनं खरवडून डबीत भरते, घरी वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवते आणि त्या गाळानंच कागदावर त्या दिवसाची पाण्याची रेघ ओढते. कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख, आणि 'कंबर' किंवा 'खांदा'. एकेकटा कागद पाहिला तर मातकट पट्ट्यापलीकडे काही दिसत नाही. तीस-चाळीस कागद ओळीनं लावले की नदी हलायला लागते. पहिल्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडलं तेव्हा, तिला विचारण्यात आलं, "हे ठीक आहे, पण पूर्ण झालेलं चित्र कुठंय?"

ती चिडली होती. मला मात्र तो प्रश्न दुष्टपणाचा वाटला नाही. आपल्याकडची चित्रकला दीडशेहून अधिक वर्षं परीक्षेच्या कागदावर वाढली आहे, त्या सवयीतून तो आला होता.

सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा, म्हणजे आजचं जे.जे., सुरू झाली ती १८५७ साली. तिथल्या शिकवणीवर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन इथल्या कलाशाळेचा ठसा होता. आधी रेघ, मग छाया, मग नक्षी, एकेक पायरी तपासून पुढे. चित्रकाराला स्वतःचं काही सांगायचं असेल, ही अपेक्षा त्या आखणीत फारशी नव्हती. हात आणि नजर तयार झाली की काम झालं. याच वळणाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा मराठी घरांना वेगळ्या सांगायला नकोत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. प्रत्येकाला वेगळा पेपर, दोन-तीन तास, घंटा झाली की ब्रश खाली. १९६५ मध्ये राज्याचं कला संचालनालय झालं आणि या परीक्षांचा कारभार त्याच्याकडे आला. पुढे जी.डी. आर्टच्या पदविकेतही व्यक्तिचित्र, स्थिरचित्र, रचनाचित्र असे सुटे विषय आणि त्यांचे सुटे गुण हीच रीत राहिली. या रीतीनं भक्कम हाताचे चित्रकार दिले, हे कबूल करायलाच हवं. पण एका विषयाशी दोन वर्षं झटायचं कसं, हे तिनं कधी विचारलं नाही.

नाशिकमध्ये यात आणखी एक भर पडली, एका बैठकीतल्या निसर्गचित्राची. सकाळी गंगेवर बसायचं आणि ऊन चढायच्या आत जलरंगातलं चित्र हातावेगळं करायचं. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारामुळे इथला घाट आणि देवळं कागदावर आली, आणि त्यांना पाहून शिकलेले हात गावात पुष्कळ आहेत. चित्र एका बैठकीतलं, पण त्याच घाटावर माणूस वर्षानुवर्षं जातो, हे आपण मोजत नाही. मोजलं असतं तर त्या मुलीचे कागद इतके परके वाटले नसते.

खरं तर लांब पल्ल्याचं काम आपल्या मातीत पूर्वीपासून आहे. जे.जे.तले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या त्या १८७२ ते १८८५ या काळात, टप्प्याटप्प्यानं. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं त्याआधी केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शन-इमारतीच्या आगीत गेल्या होत्या, म्हणून पुन्हा सुरुवात. नव्या नकला लंडनला पोचल्या आणि त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार या कामात घडले. पण ते काम सरकारचं आणि ग्रिफिथ्सच्या नावाचं. १८९६-९७ मध्ये निघालेल्या ग्रंथावरही नाव त्याचंच आहे. तेरा वर्षं राबूनही 'हा माझा प्रकल्प' म्हणायची सोय विद्यार्थ्याला नव्हती.

दुसरं उदाहरण घरचंच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १८८५ मध्ये जे.जे.त गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ अंकुराची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. हाती आली जेमतेम मिनिटभराची फिल्म. तिच्या जोरावर 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा राहिला. आज कुणी हे सेमिस्टरमध्ये मांडलं असतं तर पंधराव्या दिवशी "वाटाण्याचं पुढे काय?" असं विचारलं गेलं असतंच.

असं लांब पल्ल्याचं काम पदवीच्या चौकटीत कसं बसलं, त्याचं मूळ मात्र युरोप-अमेरिकेत आहे. पॅरिसच्या राजेशाही अकादमीत सभासद व्हायचं तर प्रवेशचित्र द्यावं लागे. आंत्वान वातो या फ्रेंच चित्रकाराला १७१२ मध्ये उमेदवार म्हणून घेतलं आणि विषयही त्याच्या मर्जीवर सोडला. अकादमी तगादा लावत राहिली आणि सिथेरा बेटाच्या यात्रेचं ते चित्र आलं १७१७ मध्ये. विद्यापीठांची अडचण निराळी होती. त्यांना पदवीसाठी प्रबंध हवा, आणि चित्रकार प्रबंध कसा लिहिणार? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठानं १९२२ मध्ये सर्जनशील काम प्रबंधाच्या जागी चालेल असं ठरवलं. १९४० मध्ये तिथून एम.एफ.ए. झालेल्या पहिल्या तिघांत शिल्पकार एलिझाबेथ कॅटलेट होती. तिचे शिक्षक ग्रँट वुड यांचा आग्रह असा, की तुला जे सर्वांत चांगलं ठाऊक आहे ते कर. तिनं चुनखडीच्या दगडात आई आणि मूल घडवलं. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेतल्या कलाशिक्षकांच्या संघटनेनं एम.एफ.ए. ही स्टुडिओ कलेतली अंतिम पदवी मानली.

आपल्याकडे हे वारं पोचलं ते बडोद्यामार्गे. १९५० मध्ये सयाजीराव विद्यापीठात ललित कला शाखा सुरू झाली. नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन अशी माणसं शिकवायला आणि पदविकेऐवजी विद्यापीठाची पदवी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली पदवीनंतर भित्तिचित्रकला शिकणाऱ्या मृणालिनी मुखर्जी यांना तिथं ताग आणि सुतळी सापडली. कच्चं रेखाटन न करता, गाठीवर गाठ मारत त्या माणसाहून उंच आकृत्या उभ्या करत. विद्यार्थिदशेत हाती आलेलं हे साहित्य त्यांनी वीसएक वर्षं सोडलं नाही, मग सिरॅमिक आणि ब्राँझकडे वळल्या. अभ्यासक्रमात सुरू झालेलं काम अभ्यासक्रमाबाहेर कसं जातं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जे.जे. मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं ते १९८१ मध्ये. जी.डी. आर्टच्या जागी बी.एफ.ए. ही पदवी आली, एम.एफ.ए. आलं, प्रबंधिका आली, ज्युरी आली. पेपरांवर वाढलेली नजर एका नव्या आदेशानं कशी बदलणार? म्हणून आजही अनेक ठिकाणी दोन्ही एकत्र नांदतात. वर्षभर "शोध घ्या" आणि सेमिस्टर संपताना "किती चित्रं झाली?"

आमच्या मुलीची आणखी एक पंचाईत आहे. दोन वर्षांचा कोर्स म्हणजे दोन पावसाळे, असा तिचा हिशोब होता. प्रवेशफेऱ्या लांबल्या आणि वर्ग सुरू होईपर्यंत मारुतीचे पाय कोरडे झाले. पहिल्या पावसाळ्यातले तिचे कागद त्यामुळे प्रवेशाच्या तारखेआधीचे आहेत. ते अभ्यासक्रमातलं काम धरायचं की नाही, याचा अर्ज तिनं दिलाय. उत्तर अजून यायचंय.