उपाशी कुत्र्याला पहिल्याच दिवशी पोटभर खायला देताय? जरा थांबा

हाडांचा सापळा झालेलं कुत्रं रेस्क्यू करून आणलं की आपला हात आपोआप मोठ्या बाउलकडे जातो. तेही अधाशासारखं खातं, शेपटी हलवतं, आपल्याला बरं वाटतं. आणि मग दोन-तीन दिवसांत ते अचानक मलूल होतं, पाय लटपटतात, कधीकधी जातंच, आणि सगळे म्हणतात आणायलाच उशीर झाला. तसंही असतं कधी, पण कित्येकदा त्या भरलेल्या बाउलनेच घात केलेला असतो.

याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. माणसांमध्ये हे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ठळकपणे दिसलं, उपासमारीतून सुटलेले कैदी नीट जेवायला लागल्यावर दगावत होते.

होतं काय, तर उपाशी शरीर साखर सोडून चरबी आणि स्नायू जाळायला लागतं, इन्सुलिन अगदी कमी होतं. पेशींमधलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हळूहळू संपत जातं, पण ब्लड रिपोर्टमध्ये आकडे नॉर्मल दिसू शकतात आणि इथेच फसायला होतं. अशात एकदम भरपूर कार्ब्स पोटात गेले की इन्सुलिन उसळतं आणि रक्तात उरलेली ही खनिजंसुद्धा पेशींमध्ये ओढून नेतं. फॉस्फरस नाही तर एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) नाही, म्हणजे शरीराच्या हातातला खर्चायचा पैसाच संपला. तांबड्या पेशी फुटतात, श्वासाचे स्नायू दमतात, पोटॅशियम घसरल्याने हृदयाचे ठोके बिघडतात. साखर जाळायला लागणारं बी1 व्हिटॅमिन पण तोवर संपत आलेलं असतं.

म्हणून व्हेट आधी अंगात ऊब आणतात, मग सलाइन, खनिजं, बी1, आणि जेवण त्यानंतर. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस, अंग गार असेल तर आतडी नीट हलतच नाहीत, मग खाऊ घालून उपयोग काय? (हीट पॅड थेट अंगाला लावू नका, अशक्त कुत्र्याला बाजूला सरकता येत नाही आणि भाजतं.)

किती द्यायचं याचं गणित आहे. 16 किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण 560 कॅलरी लागतात, पहिल्या दिवशी त्याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे 140 ते 185च, आणि त्याही चार-सहा वेळा विभागून. वजन आत्ताचं धरायचं, तब्येतीत असताना किती असेल ते नाही. मग चार-पाच दिवसांत वाढवत न्यायचं, फारच खंगलेलं असेल तर अजून सावकाश. कार्ब्स कमी, प्रोटीन आणि फॅट जास्त. ते केविलवाणं बघतं तेव्हा हे पाळणं महाकठीण, मान्य आहे.

सुरुवातीचे काही दिवस फॉस्फरस आणि पोटॅशियमची टेस्ट रोज झालेली बरी. आणि खायला लागल्यावर लघवी लालसर-तपकिरी दिसली किंवा हिरड्या पांढुरक्या पडल्या तर सकाळची वाट न बघता लगेच व्हेटकडे न्या.