बिल्डमधील चाचण्यांचा टप्पा

लिहिलेल्या कोडपासून वापरण्याजोगे सॉफ्टवेअर तयार होईपर्यंतच्या क्रमबद्ध प्रक्रियेला बिल्ड म्हणतात. प्रत्येक स्वयंचलित चाचणीला काही ना काही सामग्री लागते. ती सामग्री हाती येताच, परंतु त्याआधी नव्हे, चाचणी चालवावी, हे तिचा टप्पा ठरवण्यामागील मुख्य तत्त्व आहे.

यंत्रमागांच्या सोलापुरात हे तत्त्व समजावून सांगणे सोपे जाते. सोलापुरी चादरीचे सूत विणण्याआधीच रंगवलेले असते, त्यामुळे रंग पक्का आहे की नाही हे बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) मागावर चढण्यापूर्वी तपासता येते; तेव्हा तपासले नाही, तर दोष धुण्यात उघडा पडतो आणि विणकरांची सारी मेहनत वाया जाते. जेकार्डची (मागावरील नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) नक्षी नीट उमटली की नाही हे मात्र सूत कितीही तपासले तरी कळत नाही; त्यासाठी कापडच विणावे लागते.

एखाद्या टॉवेल कारखान्याच्या मागणी-नोंदणीच्या प्रणालीतही असाच भेद करता येतो. बिलावरील जीएसटीची आकडेमोड तपासणाऱ्या युनिट टेस्टला, म्हणजे कोडचा एकच छोटा भाग तपासणाऱ्या चाचणीला, केवळ कंपाइल झालेला (यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणलेला) कोड पुरतो. मागणी डेटाबेसमध्ये नोंदली जाऊन गोदामाच्या पडद्यावर दिसते का, हे पाहणाऱ्या इंटिग्रेशन टेस्टला, म्हणजे अनेक भाग एकत्र चालतात का हे तपासणाऱ्या चाचणीला, मात्र पॅकेज झालेली (एकत्र बांधून तयार झालेली) प्रणाली, चालू सर्व्हर आणि डेटाबेस लागतो.

जावा भाषेसाठी वापरल्या जाणाऱ्या मेव्हन या साधनात हा भेद थेट टप्प्यांच्या नावांतच दिसतो. त्यात कंपाइलनंतर टेस्ट, मग पॅकेज, त्यानंतर प्री-इंटिग्रेशन-टेस्ट, इंटिग्रेशन-टेस्ट, पोस्ट-इंटिग्रेशन-टेस्ट आणि व्हेरिफाय (निकालांची पडताळणी) असे टप्पे येतात; इन्स्टॉल व डिप्लॉय (तयार पॅकेज साठवण्याचे व इतरांना उपलब्ध करण्याचे टप्पे) त्यांच्याही पुढे असतात. युनिट टेस्ट शुअरफायर हे प्लगिन (मेव्हनला जोडले जाणारे उपसाधन) चालवते आणि त्यांपैकी एक जरी फसली तरी बिल्ड तेथेच थांबते, जे योग्यच आहे, कारण तोवर आवरण्यासारखे काही सुरू झालेले नसते. इंटिग्रेशन टेस्टसाठी फेलसेफ हे वेगळे प्लगिन आहे. चाचणी फसली तरी ते बिल्ड लगेच थांबवत नाही. निकाल नोंदवून ठेवते, सर्व्हर बंद करण्याचे काम पुढच्या टप्प्यात होऊ देते आणि व्हेरिफायमध्ये पोचल्यावरच बिल्ड अयशस्वी ठरवते. या योजनेमागचा विचार फार मोलाचा आहे: अपयश सांगण्याची घाई केली, तर अर्धवट चालू राहिलेला सर्व्हर पोर्ट (त्याच्याशी संपर्क साधण्याचा क्रमांकित मार्ग) अडवून बसतो आणि पुढच्या बिल्डमध्ये निर्दोष कोडही सदोष भासतो. म्हणूनच मेव्हनला इंटिग्रेशन-टेस्टपर्यंत जाण्याची आज्ञा न देता व्हेरिफायपर्यंत जाण्याची द्यावी. पहिल्या आज्ञेत आवराआवरीचा टप्पा येतच नाही. नवशिक्यांकडून ही चूक सहज होते.

वेळेचाही विचार करावा लागतो. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतीचे प्रवर्तक केंट बेक यांनी संपूर्ण बिल्ड चाचण्यांसह १० मिनिटांत व्हावी असा दंडक सुचवला. त्यापेक्षा जास्त वेळ लागू लागला की प्रोग्रामर निकालाची वाट न पाहता पुढच्या कामाला लागतात. त्यामुळे जलद चाचण्या प्रत्येक बदलानंतर चालवल्या जातात, तर ब्राउझर उघडून संपूर्ण प्रणाली तपासणाऱ्या संथ चाचण्या अनेक ठिकाणी रात्रीच्या बिल्डमध्ये ठेवल्या जातात. मात्र डिप्लॉय होण्यापूर्वी त्यांचा निकाल हाती असणे आवश्यक असते.