समुद्रपुष्पांचे घरगुती संगोपन

समुद्रपुष्प किंवा सी ॲनिमोन हा फुलासारखा दिसणारा, पण पक्का मांसाहारी सागरी प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश त्याच्याच भावकीतले. त्याच्या हजाराहून अधिक जाती माहीत असल्या, तरी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मोजक्याच पाळल्या जातात. त्यांत बबल-टिप सर्वांत सोशिक. कार्पेट आणि मॅग्निफिका दिसायला देखण्या, पण सांभाळायला अवघड. नवशिक्याने त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

ॲनिमोन काय खाते, या प्रश्नाचे पहिले उत्तर प्रकाश हे आहे. क्लाऊनफिश या छोट्या माशाला आसरा देणाऱ्या सगळ्या जातींच्या ऊतींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. दिवे कमी पडले, तर कितीही कोळंबी भरवली तरी ॲनिमोन हळूहळू खंगते. विकत घेताना याच गोष्टीकडे पाहावे: पांढऱ्याफटक ॲनिमोनमधले शैवाल निघून गेलेले असते, आणि भडक पिवळा रंग बहुधा बाहेरून चढवलेला असतो. निरोगी ॲनिमोनचा रंग बहुधा तपकिरी किंवा हिरवट असतो, तोंड मिटलेले असते आणि शुंडके, म्हणजे तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव, आपल्या बोटाला किंचित चिकटतात.

तरीही वरचे खाणे द्यावे. आठवड्यातून एक-दोनदा, तोंडापेक्षा लहान असा कोळंबीचा किंवा माशाचा कच्चा तुकडा पुरतो. गोठवलेला असेल तर आधी पूर्ण वितळू द्यावा. लांब चिमट्याने तो शुंडकांना अलगद टेकवला की दंशपेशी क्षणात काम करतात. शेजारची शुंडके एकेक करून त्यावर वळतात, मधली तबकडी वर उचलली जाते आणि तोंडाची चीर सावकाश उघडून तुकडा आत ओढला जातो. तुकडा मोठा असेल, तर काही तासांनी तो पांढुरक्या, चिकट गोळ्याच्या रूपात परत बाहेर येतो आणि पाणी नासवतो. अन्न आत घेणे आणि मळ टाकणे हे एकाच तोंडातून चालते, त्यामुळे त्यातून तपकिरी दोरा बाहेर येताना दिसला तर घाबरू नये. अशा वेळी ॲनिमोन आकसून मुठीएवढे होते आणि बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलते.

थंड समुद्रातल्या काही जातींत हे शैवाल नसते. त्यांचा सगळा भार खाण्यावर असतो. स्कॉटिश निसर्गअभ्यासक जॉन ग्रॅहम डॅलियेल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले असे एक लाल ॲनिमोन काचेच्या बरणीत, समुद्राच्या पाण्यात आणि शिंपल्यातल्या मांसावर १८८७ पर्यंत जगले. 'ग्रॅनी', म्हणजे आजी, हे त्याचे नाव. डॅलियेल १८५१ मध्ये वारले. आजी मात्र एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली.

नव्या टँकमध्ये ॲनिमोन सोडणे ही सर्वांत जास्त घडणारी चूक. टँक किमान सहा महिने मुरलेला हवा. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व (यावरून पाण्याचा खारेपणा कळतो) १.०२४ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. या आकड्यांइतकीच त्यांची स्थिरताही महत्त्वाची आहे. बाष्पीभवनाने घटलेली पातळी शुद्ध गोड्या पाण्याने रोज भरून काढावी, नाहीतर क्षारता चढत जाते. तांबे असलेली माशांची औषधे या टँकमध्ये कधीही घालू नयेत. ॲनिमोनला तांबे मारक असते.

ॲनिमोन आपली जागा आपणच निवडते. पायाच्या तबकडीवर सरकत ते रात्रीतून टँकच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते, आणि वाटेत पंपाचे तोंड आले तर त्यात ओढले जाऊन चिरडते. म्हणून पंपांना आधीच जाळी किंवा स्पंज लावावा. खडकाला धरलेले ॲनिमोन ओढून काढू नये. पाय फाटला तर ते बहुधा वाचत नाही. हलवणे अटळ असेल, तर खडकासकट उचलावे. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण कार्पेट जातीचा दंश चांगलाच झोंबतो.

क्लाऊनफिश असावाच असे नाही. दोघेही एकमेकांवाचून जगतात. जोडी जमली मात्र दोघांचा फायदा होतो. मासा शत्रूंना हुसकावतो आणि त्याच्या उत्सर्जनातला अमोनिया शैवालाला खत म्हणून मिळतो. समुद्रघोडे आणि संथ पोहणारे मासे मात्र ॲनिमोनजवळ ठेवू नयेत.

बबल-टिप कधीकधी मधोमध फाटून एकाची दोन होते. ते धष्टपुष्टतेने घडते, तसेच ताणानेही. तेव्हा आनंद मानण्याआधी पाणी तपासावे. तोंड सतत आ वासलेले, शरीर लिबलिबीत आणि पाय सुटलेला, ही मरणाची लक्षणे. मेलेले ॲनिमोन काही तासांत विरघळू लागते, त्याला उग्र दुर्गंधी येते आणि वाढलेल्या अमोनियाने बाकीचे जीवही दगावू शकतात. त्याला ताबडतोब बाहेर काढून बरेचसे पाणी बदलावे आणि गाळणीत ताजा सक्रिय कोळसा घालावा.