बार्ट कमिंग्ज यांच्या बारा मेलबर्न कपांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी फ्लेमिंग्टनच्या रेसकोर्सवर मेलबर्न कपची शर्यत होते. 1861 पासून चालत आलेली ही शर्यत एकदा तरी आपल्या घोड्याने जिंकावी, म्हणून कित्येक प्रशिक्षक आयुष्यभर झटतात. बार्ट कमिंग्ज यांच्या घोड्यांनी ती बारा वेळा जिंकली. या यशाला नशीब म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याची मुळे त्यांच्या वडिलांच्या तबेल्यात आहेत.

बार्ट यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1927 रोजी ॲडलेडमध्ये झाला. वडील जिम कमिंग्ज हे नावाजलेले प्रशिक्षक होते. तरुणपणी डॉक्टरांनी बार्ट यांना घोड्यांची आणि वाळलेल्या गवताची ॲलर्जी असल्याचे सांगितले, तरी त्यांनी तबेला सोडला नाही. 1950 मध्ये जिम यांच्या ‘कॉमिक कोर्ट’ने मेलबर्न कप जिंकला, तेव्हा त्या घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार हा त्यांचाच बावीस वर्षांचा मुलगा होता. खरारा करताना, चारा-पाणी देताना घोड्याचा रोजचा बदल हाताला कळतो. बार्ट यांचे शिक्षण असे झाले. 1953 मध्ये त्यांना प्रशिक्षकाचा परवाना मिळाला.

मेलबर्न कपचे अंतर पूर्वी दोन मैल होते आणि 1972 पासून ते 3,200 मीटर आहे. नुसत्या वेगवान घोड्याचा एवढ्या अंतरावर निभाव लागत नाही, त्यासाठी अंगात दमसास असावा लागतो, आणि हा दमसास घाईने येत नाही. कपच्या आधी त्या हंगामातल्या शर्यतींत मिळून घोडा सुमारे 10,000 मीटर धावलेला असावा, असा कमिंग्ज यांचा ठोकताळा होता. हातातला घोडा आज जिंकू शकत असतानाही त्याची खरी तयारी नोव्हेंबरसाठी राखून ठेवायची, यासाठी लागणारा संयम हेच त्यांचे खरे कसब होते, असे माझे मत आहे.

त्याचे फळ 1965 मध्ये दिसले. शेवटच्या टप्प्यात ‘लाइट फिंगर्स’ ही घोडी आणि ‘झिमा’ यांच्यात अगदी थोडक्यात निकाल लागला, आणि दोन्ही जनावरे कमिंग्ज यांच्याच तबेल्यातली होती! पुढच्या वर्षी ‘गॅलिली’ पहिला आला, ‘लाइट फिंगर्स’ दुसरी; 1967 मध्ये ‘रेड हँडेड’ने सलग तिसरा कप आणला. 1974 आणि 1975 मध्ये ‘थिंक बिग’ने लागोपाठ दोनदा बाजी मारली, तर 1977 मध्ये ‘गोल्ड अँड ब्लॅक’ आणि 1979 मध्ये ‘हायपर्नो’ विजयी झाले.

1989 मध्ये मात्र मोठा घाला पडला. भागीदारी योजनांतून विकण्याच्या भरवशावर त्यांनी लिलावांत महागडी शिंगरे घेतली, बाजार कोसळला, आणि कोट्यवधी डॉलरचे देणे त्यांच्या अंगावर आले. या ओझ्याखालीच 1990 मध्ये त्यांच्या ‘किंग्स्टन रूल’ने 3 मिनिटे 16.3 सेकंदांचा विक्रम करून कप जिंकला. त्यानंतर ‘लेट्स इलोप’ (1991), ‘सेंटली’ (1996) आणि ‘रोगन जोश’ (1999) यांनी कप आणले.

बारावा कप 4 नोव्हेंबर 2008 रोजी ‘व्ह्यूड’ने मिळवून दिला. ‘बाउअर’ शेवटच्या क्षणी त्याला जवळजवळ गाठत आला होता, त्यामुळे निकाल छायाचित्रावरून द्यावा लागला, आणि अंतर भरले ते केवळ नाकाएवढे. कमिंग्ज यांच्या 81 व्या वाढदिवसाला तेव्हा दहा दिवस उरले होते. ऑगस्ट 2015 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा नातू जेम्स यांच्या भागीदारीत ते अजूनही घोडे तयार करत होते.