वकिलातीचं अंगण कुणाचं?

'नैरोबीतल्या भारतीय वकिलातीच्या फाटकातून आत गेलात की तुम्ही भारतात', हे वाक्य फॉरवर्डमधून वर्षानुवर्षं फिरतंय. ऐकायला झकास, पण चूक.

मुळात केनिया राष्ट्रकुलातला देश, म्हणून तिथे वकिलातीऐवजी 'उच्चायुक्तालय' असतं. आणि जमीन? ती केनियाचीच. देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांचे नियम ठरवणाऱ्या १९६१च्या व्हिएन्ना कराराच्या २२व्या कलमानुसार उच्चायुक्तालयाच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय केनियाचा पोलीस आत पाऊल टाकू शकत नाही, इतकंच. घरमालकानं भाडेकरूला न विचारता आत शिरू नये, तसंच हे. म्हणून घर काही भाडेकरूचं होत नाही. ४१वं कलम तर उलट बजावतं, स्थानिक कायदे पाळा. आत जन्मलेलं बाळही निव्वळ त्या जागेमुळे भारतीय ठरत नाही. आईवडिलांचं नागरिकत्व बघितलं जातं.

भारताचे नैरोबीतले पहिले आयुक्त मात्र आपल्या औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत, १९४८ सालचे. केनिया तेव्हा ब्रिटिशांची वसाहत. तो स्वतंत्र झाला १९६३ साली. व्हिसा-पासपोर्टच्या पलीकडे जाऊन पंतांनी आफ्रिकी नेत्यांशी दोस्ती जमवली. गोऱ्या सरकारला ती चांगलीच खुपली.